अनोळखी माणसाकडून घेतलेलं टुडोर ब्लॅक बे फिफ्टी-एट: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत

2024 च्या दिवाळीनंतर अहमदाबादच्या एका गृहस्थांकडून मी हे घड्याळ घेतलं. निळ्या डायलचं, मॉडेल 79030बी, दोन लाख साठ हजार रुपयांना. ओळख ऑनलाइन झालेली. दुकान नाही, दुकानाचं बिल नाही, नको वाटलं तर परत करायची सोय नाही. आता पावसाळा अर्धा सरलाय आणि घड्याळ रोज हातात आहे, म्हणून सविस्तर लिहितो. घड्याळाबद्दल लिहीनच, पण जास्त लिहायचंय ते विकणाऱ्याबद्दल. आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात ज्याला ज्याला कळलं त्याने हेच विचारलं, की अरे, एवढे पैसे अनोळखी माणसाला दिलेस कसे?

हातात घेऊन, पारखून आणि बँकेत बसून दिले. आणि या सगळ्याला समोरचा माणूस कपाळाला आठी न घालता तयार होता, म्हणून दिले. माझ्या मते खासगी विक्रेत्याची खरी परीक्षा ही एवढीच आहे. तो गोड बोलतो का, त्याचे फोटो किती छान आहेत, तो आपल्या ओळखीच्या कुणाला ओळखतो का, यावरून काही ठरत नाही. तपासायचं म्हटल्यावर त्याचा सूर बदलतो का, ते बघायचं.

हे मला आधीच्या एका बोलणीत फार स्पष्ट दिसलं. हेच मॉडेल पुण्याचा एक जण विकत होता, किंमत चांगली पंचवीस हजारांनी कमी. बोलायला अतिशय लाघवी. बडोद्याचे मराठी म्हटल्यावर सयाजीराव महाराजांपासून सेव उसळीपर्यंत सगळं बोलून झालं. मी म्हटलं, एका चिठ्ठीवर माझं नाव आणि आजची तारीख लिहा, ती घड्याळाशेजारी ठेवा, काटे सात वीसवर लावा आणि फोटो पाठवा. अशा व्यवहारात ही अगदी साधी मागणी आहे, प्रामाणिक माणसाला त्यात पाच मिनिटं लागतात. फोटो आला दुसऱ्या दिवशी. काटे दहा दहावर. घड्याळाची सावली डावीकडे पडलेली आणि चिठ्ठीला सावलीच नाही. व्हिडिओ कॉल करू म्हटलं तर कॅमेरा बिघडलाय. मग रात्री मेसेज, दिल्लीचं गिऱ्हाईक तयार आहे, पण आपण मराठी माणसं, तुमच्यासाठी थांबतो, फक्त पंचवीस हजार टोकन टाका. खातं कुणाचं? मेव्हण्याचं.

इथे पाणी मुरतंय हे कळायला आणखी काही लागत नाही. मी नाही म्हटलं, त्याने माझा नंबर ब्लॉक केला. आपला माणूस, आपल्या भाषेतला माणूस, ही गोष्ट सण-समारंभात मोलाची आहे. अडीच लाखांच्या व्यवहारात तिचा पुरावा म्हणून उपयोग नाही, आणि जो माणूस तिचा पुरावा म्हणून उपयोग करतो त्याच्यापासून तर लांबच राहावं.

अहमदाबादच्या गृहस्थांचा पहिला व्हिडिओ आला तोच मुळी घड्याळाच्या खोडीचा. खिडकीच्या उजेडात घड्याळ तिरकं धरून त्यांनी डावीकडच्या खालच्या कोपऱ्यावरचा एक बारीक ठोका दाखवला. मी विचारलंही नव्हतं. पट्ट्याच्या दोन कड्या त्यांनी स्वतः घरी काढल्या होत्या, तेही सांगितलं, आणि काढलेल्या कड्या पुडीत ठेवल्यात तीही दाखवली. मग तेच म्हणाले, तुमच्याकडे भरवशाचा घड्याळवाला असेल तर त्याच्याच दुकानात भेटू. मी बडोद्याला येतो, कुरिअरच्या भानगडीत पडायला नको. ते बरोबरच होतं. बहुतेक कुरिअरवाले अशा मौल्यवान वस्तूची पूर्ण जबाबदारी घेत नाहीत, आणि डबा उघडल्यावर आत काय निघालं यावरून वाद झाला तर दोघांच्याही हातात काही नसतं.

स्थळ बघताना करतात तशी मीही मधल्या काळात त्यांची चौकशी केली. आधी त्यांनी कुणाकुणाला घड्याळं विकली ते विचारलं, त्यातल्या दोघांशी फोनवर बोललो. दोघांनीही व्यवहार व्यवस्थित झाल्याचं सांगितलं, पण मला महत्त्वाचं वाटलं ते एकाचं बोलणं. त्याच्या घड्याळाची चावी नंतर जड फिरायला लागली होती, तर या गृहस्थांनी विकून झाल्यावरही फोन उचलला, कुठे दाखवायचं ते सांगितलं. पैसे मिळाल्यानंतर माणूस कसा वागतो ही माहिती जाहिरातीत कधीच मिळत नाही.

भेटलो रावपुऱ्यात, टॉवरपासून जवळच, ज्या काकांनी आमच्या वडिलांचं एचएमटी वर्षानुवर्षं सांभाळलं त्यांच्या दुकानात. मी उत्साहाने डबा, कागद, कार्ड काउंटरवर मांडायला लागलो तर काका म्हणाले, "अरे, डबा-कागद मागाहून. आधी घड्याळ इकडे दे."

काकांनी डोळ्याला आयग्लास लावली आणि दहा मिनिटं एक अक्षर बोलले नाहीत. डायलवरची छपाई, आकड्यांच्या जागी असलेल्या ठिपक्यांची कड, काट्यांची कड. या घड्याळाचा तासकाटा टोकाजवळ चौकोनी असतो, टुडोरने 1969 पासून वापरलेला घाट, आणि नकली मालात त्याची धार बऱ्याचदा खडबडीत राहते. चावीवर कोरलेलं टुडोरचं गुलाबाचं फूल. मग पिना दाबून त्यांनी पट्टा सोडवला, आणि केसच्या, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाच्या, पट्टा अडकवायच्या दोन पायांमधला सीरियल नंबर मला मोठ्याने वाचायला लावला. ते गृहस्थ गॅरंटी कार्डावरचा नंबर वाचत होते. दोन्ही जुळले. कार्ड आणि डबा हल्ली हुबेहूब नकली मिळतात, त्यामुळे कार्ड एकटं काही सिद्ध करत नाही. पण घड्याळावरचा नंबर, कार्डावरचा नंबर, विक्रीची तारीख आणि माणसाने सांगितलेली हकिगत या चारांचा मेळ बसला की बरंच काही कळतं.

मागचं झाकण उघडायचं नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. टुडोरची गॅरंटी पाच वर्षांची असते, ती घड्याळाबरोबर नव्या मालकाकडे जाते आणि त्यासाठी कंपनीत नोंद करावी लागत नाही. कार्डावर तारीख 2022 ची होती, म्हणजे निम्म्याहून जास्त गॅरंटी शिल्लक. बाहेरच्या माणसाने झाकण उघडलं तर तिच्यावर पाणी सोडावं लागू शकतं. म्हणून घड्याळ टाइमग्राफरवर ठेवलं. हे यंत्र घड्याळाची टिकटिक ऐकून ते दिवसाला किती पुढे-मागे जाईल आणि आतल्या चाकाचा झोका किती मोठा आहे ते दाखवतं. झोका 280 अंशांच्या आसपास, रेषा सरळ. काका म्हणाले, मशीन निरोगी आहे. ठोके तासाला 28,800 दाखवले, पण तेवढे कित्येक घड्याळांचे असतात, नकलीचेसुद्धा, म्हणून नुसत्या त्या आकड्यावर विसंबू नका. त्यानंतर पाण्याची टेस्ट, हवेच्या दाबाने, पाणी न लावता. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीच्या पुराने शहराची काय दशा केली ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यानंतर बाजारात आलेल्या कुठल्याही यंत्राकडे बघताना माझ्या डोक्यात पाणीच येतं. टेस्ट नीट पार पडली.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण इथे दुमत असायचं कारण नाही. रोख द्यायची नाही. आयकर कायद्याप्रमाणे एका व्यवहारात दोन लाख किंवा त्यावर रोख घेता येत नाही, घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. दोन लाखांवरच्या खरेदी-विक्रीत पॅन लागतोच. आम्ही बँकेत गेलो, आरटीजीएस केलं, खात्यावरचं नाव आणि त्यांच्या पॅन कार्डावरचं नाव एकच आहे हे आधी पाहिलं. 2025 च्या एप्रिलपासून तर आरटीजीएस आणि एनईएफटी करताना पाठवण्याआधीच खातेदाराचं नाव दिसण्याची सोय बँकांना रिझर्व्ह बँकेने करायला लावली आहे, ती जरूर वापरा. मेव्हण्याचं खातं, मित्राचं खातं, असलं काही आलं की तिथेच उठायचं.

मग एक साधा विक्रीचा कागद केला. दोघांची नावं, मॉडेल, सीरियल नंबर, रक्कम, यूटीआर नंबर म्हणजे पैसे पाठवल्याचा बँकेचा क्रमांक, हे घड्याळ माझं स्वतःचं आहे आणि त्यावर कुणाचा बोजा नाही असं त्यांचं एक वाक्य, आणि सह्या. लोक हा कागद टाळतात, लाज वाटते म्हणून. लाज वाटायचं कारण नाही. मालविक्रीच्या 1930 च्या कायद्यातलं कलम 27 सांगतं की विकणाऱ्याकडे जेवढी मालकी आहे त्यापेक्षा जास्त मालकी घेणाऱ्याला मिळत नाही, ठरावीक अपवाद सोडले तर. म्हणजे घड्याळ चोरीचं निघालं तर मी प्रामाणिकपणे पूर्ण पैसे मोजूनही ते माझं होत नाही. आणि घरातलं एखादं घड्याळ विकणारा खासगी माणूस व्यापारी नसतो, त्यामुळे ग्राहक आयोगाकडे दाद मागायचा रस्ताही सहसा बंद. लंडनच्या द वॉच रजिस्टरकडे हरवलेल्या आणि चोरीच्या घड्याळांची नोंद असते, पैसे भरून सीरियल नंबर तपासता येतो. महाग वस्तू असेल तर तो खर्च करावा.

आता वापराबद्दल.

39 मिलिमीटरचा केस माझ्या बारीक मनगटावर अगदी नेमका बसतो, शर्टाच्या बाहीखाली जातो. तारीख नाही, याचा मला आनंदच आहे, महिना बदलला की लावत बसायला नको. मशीन एमटी 5402, सांगितलेला साठा 70 तासांचा, म्हणजे पूर्ण चावी भरलेली असली की काढून ठेवल्यावर तेवढं चालतं. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलं तर सोमवारी सकाळी चालूच असतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. हातात असताना दिवसाला दोन सेकंद पुढे. मे महिन्यात बडोद्यात पारा चाळिशीच्या वर असताना दुपारी स्कूटरवर फिरलो, तेव्हाही फरक पडला नाही. बॅलन्सची, म्हणजे आतल्या झुलणाऱ्या चाकाची, स्प्रिंग सिलिकॉनची असल्यामुळे फोन-लॅपटॉपच्या चुंबकाची तिला बाधा होत नाही.

बेझलची, म्हणजे काचेभोवतीच्या कड्याची, चकती ॲल्युमिनियमची आहे, सिरॅमिकची नाही. तिच्यावर चरा उठतो. उत्तरायणाला गच्चीवर जाताना मी घड्याळ कपाटात ठेवलं, मांजाची काच आणि ॲल्युमिनियम यांची गाठ नको. काटकोनात पडणाऱ्या उन्हात निळा रंग फिका दिसतो, संध्याकाळी खुलतो. पट्ट्याच्या कड्यांवर जे रिव्हेट दिसतात ते नुसते दिखाऊ आहेत, मला ते नसते तर बरं वाटलं असतं. आणि क्लॅस्पला, म्हणजे पट्टा बंद करायच्या कुलपीला, बारीक सारीक सैल-घट्ट करायची चटकन सोय नाही, पिन काढून दुसऱ्या भोकात घालावी लागते. घामाच्या दिवसांत हात सुजतो तेव्हा हे जाणवतं. एवढ्या किमतीत कंपनीने ही सोय सुरुवातीपासून द्यायला हवी होती.

मार्चमध्ये एक प्रसंग झाला. खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेताना पट्टा किंचित सैल लागला म्हणून पाहिलं, तर एका कडीचा स्क्रू निम्मा बाहेर आलेला. तांदळाच्या कणीएवढा स्क्रू. तो पडला असता तर पट्टा सुटून घड्याळ फरशीवरच गेलं असतं. मूठ घट्ट धरून रावपुरा गाठला. वाटेत अहमदाबादला फोन लावला. त्यांनी पहिल्या रिंगला उचलला, आणि लगेच सांगितलं की त्यांनी उघडलेली कडी क्लॅस्पपासून दुसरी आहे, पलीकडच्या बाजूचीही तशीच, बसवताना स्क्रूला गोंद लावला नव्हता, दोन्ही करून घ्या. काकांनी दोन्ही स्क्रू काढले, पुसले, प्रत्येकाला स्क्रू पकडून ठेवणाऱ्या गोंदाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब लावला आणि बसवले. पन्नास रुपये घेतले. संध्याकाळी त्या गृहस्थांचा परत मेसेज, झालं का काम? वापरलेलं घड्याळ घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच आठवड्यात पट्ट्याचे सगळे स्क्रू तपासून घ्यावेत.

कुणी घ्यावं? ज्याला समोरासमोर भेटता येईल आणि ज्याच्याकडे पारखणारा माणूस आहे त्याने बिनधास्त घ्यावं, पैसे चांगले वाचतात. दूरच्या शहरातून नुसत्या फोटोंवर घ्यायचं असेल तर माझं मत नाही असंच आहे. त्यापेक्षा पैसे मध्ये थांबवून ठेवणारी सेवा वापरा. क्रोनो24 या घड्याळांच्या ऑनलाइन बाजारावर माल हातात पडून तपासेपर्यंत रक्कम विक्रेत्याला मिळत नाही, मात्र परदेशातून मागवलं तर कस्टम ड्युटी आणि जीएसटी आधी हिशेबात धरा. आणि पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता त्याच तासाला 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता तेवढ्यातच असते.

माझ्या घड्याळाची गॅरंटी 2027 मध्ये संपते. त्याआधी एकदा अधिकृत काउंटरवर देऊन वॉशर बदलून, पाण्याची टेस्ट करून घेणार आहे. तो खर्च कळला की इथेच लिहीन.