इंदूरच्या भंवरकुआंवरचा कॅट मॉक क्लास: चार तारे

कॅट या एमबीए प्रवेश परीक्षेत प्रत्येक विभागाला 40 मिनिटं. वेळ संपली की मागे फिरता येत नाही. इथले सर सगळा भर त्यावरच देतात. मॉक, म्हणजे सराव परीक्षेनंतर कुठल्या प्रश्नावर किती सेकंद गेले, तो तक्ता समोर उघडतात. वर्तुळाच्या एका प्रश्नाने अर्ध्या वर्गाची सहा मिनिटं खाल्लेली दिसल्यावर म्हणाले, “अरे, गुण तीनच ना? मग सोन्याचा आहे का तो?” दीड मिनिटात वाट दिसली नाही तर ‘मार्क फॉर रिव्ह्यू’ दाबून सरळ पुढे. टाईप करायच्या उत्तरांना उणे गुण नसतात, म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत आधी ती बघायची. इंग्रजीचं विश्लेषण मात्र उरकतात. वीज गेली की कॉम्प्युटर चालू, पंखे बंद! खाली पोहे उत्तम, पण ते यांचं श्रेय नाही.