‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ लाइव्ह: आधी कोणतं रेकॉर्डिंग ऐकावं?

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ मैफलीत कसं वाजायचं हे ऐकायचं ठरवलं, की अधिकृत रेकॉर्डिंगंच इतकी समोर येतात की सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. ती एकसारखीही नाहीत. निवडताना एकच गोष्ट पाहावी: मधल्या ऑपेराचं काय केलंय?

स्टुडिओतलं गाणं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं आहे. आधी पियानोवरचा संथ भाग आणि गिटारचा सोलो, मग साधारण ३:०३ ते ४:०७ हा ऑपेरा, म्हणजे अनेक आवाजांचा ऑपेराच्या ढंगातला भाग, त्यामागे रॉक भाग आणि शेवटी पुन्हा संथ ओळी. फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांनीच आवाजावर आवाज चढवत तो उभा केला, जवळजवळ १८० वेळा. १९७५ साली टेपवर ट्रॅक, म्हणजे आवाज वेगवेगळे नोंदवायच्या जागा, होत्या २४. म्हणून भरलेले ट्रॅक एकत्र करून दुसरीकडे उतरवायचे, जागा मोकळी करायची आणि पुन्हा गायचं, असं चाललं. स्टेजवर तीन गळ्यांतून हे निघणं शक्यच नव्हतं. त्यामुळे बँडपुढे दोनच वाटा होत्या, ऑपेरा गाळायचा किंवा टेप लावायची.

गाळण्याचा पहिला नमुना ‘अ नाइट अ‍ॅट द ओडियन’मध्ये आहे. २४ डिसेंबर १९७५ ची लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधली ही मैफल बीबीसीने थेट दाखवली. अधिकृतपणे बाजारात आली ती २०१५ साली. गाणं तेव्हा ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं, आणि तरी ते पूर्ण वाजत नाही. पियानोवरचा संथ भाग होतो, तिथून ‘किलर क्वीन’, मग ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’, आणि शेवटी ‘ऱ्हॅप्सडी’च्या अखेरच्या ओळी. १९७६ मध्ये त्यांनी आणखी एक रचना केली: टेपवरचा ऑपेरा आणि त्यामागचा रॉक भाग यांनी कार्यक्रम उघडायचा, आणि संथ भाग मधल्या मेडलीत, म्हणजे गाण्यांचे तुकडे सलग जोडलेल्या भागात, ठेवायचा. गाणं कसं घडत गेलं यात रस असेल तर ओडियन घ्या. पूर्ण गाणं ऐकायचं असेल तर निराशा होईल.

१९७७ पासून रूप ठरलं. गिटारचा सोलो संपला की बँडमधले चौघं आत जायचे, रिकाम्या स्टेजवर दिवे खेळायचे आणि ऑपेरा टेपवरून वाजायचा. टेलरने स्टुडिओत गायलेला शेवटचा उंच सूर विरतो न विरतो तोच चौघं परत येऊन रॉक भाग सुरू करायचे. आम्हाला हा निर्णय प्रामाणिक वाटतो; ओठ हलवून गाण्याचं सोंग त्यांनी केलं नाही.

या रूपाचं पहिलं अधिकृत लाइव्ह रेकॉर्डिंग म्हणजे ‘लाइव्ह किलर्स’ (१९७९), त्या वर्षीच्या युरोप दौऱ्यातलं. ‘मुस्तफा’ची छोटीशी सुरुवात होते आणि लगेच हे गाणं. आवाज कोरडा, टोकदार. हेडफोन लावले तर सांधा स्पष्ट कळतो: ऑपेरा आला की आवाज एकदम आटोपशीर, स्टुडिओतला होतो आणि रॉक भागाला पुन्हा सभागृह उघडतं. गुळगुळीतपणा हवा असेल त्याने हे टाळावं; बँडची खरी धार हवी असेल तर हेच.

आमची पहिली शिफारस मात्र ‘क्वीन रॉक मॉन्ट्रियल’. २४ आणि २५ नोव्हेंबर १९८१ च्या दोन रात्रींचं हे चित्रण ३५ मिमी फिल्मवर आहे, त्यामुळे चित्र अजूनही लख्ख दिसतं. स्टेजवर चौघंच, जोडीला कीबोर्डवाला नाही. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फारुख बलसाराचे, म्हणजे फ्रेडीचे, हात इथे नीट पाहा. सुरुवातीच्या पियानोत डावा हात उजव्यावरून ओलांडून वरचे सूर वाजवतो आणि परत खाली येतो. हे करताना तो गातही असतो. मैफलीत तो वरच्या जागा बऱ्याचदा खाली आणून गायचा, त्यामुळे रेकॉर्डमधलीच चाल शोधत बसू नका. रॉक भागात तो पियानो सोडून पुढे येतो आणि शेवटच्या संथ ओळींसाठी परत जाऊन बसतो.

‘लाइव्ह एड’ ही मदतनिधीसाठीची मैफल (१३ जुलै १९८५, वेम्बली) सगळ्यांनी पाहिलेली असते. पियानोवरचे पेप्सीचे कागदी पेलेही आठवत असतात. तिथे वेळ वीसेक मिनिटांचाच, म्हणून संथ भाग आणि सोलो झाला की थेट ‘रेडिओ गा गा’. प्रवेश म्हणून अप्रतिम, पण या गाण्यासाठी हे निवडू नये.

‘लाइव्ह अ‍ॅट वेम्बली ’८६’ हे १२ जुलै १९८६ चं. इथला नायक म्हणजे प्रेक्षक. पहिल्या ओळीपासून स्टेडियम गातं आणि ऑपेरातही थांबत नाही, त्यामुळे टेपचा सांधा जवळजवळ बुजतो. फ्रेडीचा आवाज मॉन्ट्रियलपेक्षा जड आहे. मोठ्या स्पीकरवर, चारजणांत बसून ऐकायचं तर हे मॉन्ट्रियलच्याही वर. त्याच वर्षीचं ‘लाइव्ह मॅजिक’ मात्र घेऊ नका: त्यात ऑपेरा कापून टाकलाय आणि गाण्याची कंबरच मोडलीय.

फ्रेडीनंतरचं एकच सांगतो. २० एप्रिल १९९२ च्या स्मृती-मैफलीत संथ भाग एल्टन जॉनने गायला, ऑपेरा टेपवर, आणि रॉक भागाला ‘गन्स एन’ रोझेस’चा गायक अ‍ॅक्सल रोझ धावत आला. एकदा पाहावंच.

स्वतःच्या बँडसाठी मांडणी ठरवत असाल तर दोन्ही वाटांचा हिशेब असा. तिघांहून कमी गाणारे असतील तर ओडियनसारखं मेडलीत बसवा, त्यात बिघडण्यासारखं फार नाही. ऑपेराचा रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावायचा तर घड्याळ पाहून लावू नका. सोलोची लय रोज थोडी पुढेमागे होते, म्हणून साउंडवाल्याने गिटारवाल्याच्या इशाऱ्यावरच बटण दाबावं. ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे लय धरून देणारी टिकटिक, हवा, नाहीतर शेवटच्या लांब सुरानंतर चौघं चार ठिकाणी उतरतात. वाद्यं ट्रॅकच्या सुराला लावलेली हवीत, कारण ऑपेरा संपताच रॉक भागाची पट्टी उघडी पडते आणि किंचित चढलेली गिटारही लगेच खुपते. अगदी शेवटी, पियानो शांत झाल्यावर, टेलर गाँगवर एक हलका टोला देतो. तो विसरू नका आणि तो विरेपर्यंत ॲम्प बंद करू नका.