रॉ की स्मॅकडाउन? आठवड्याला एकच बघायचं असेल तर

लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळताना ज्यांना अंडरटेकरची उंची आणि केनचं वजन तोंडपाठ होतं, ती पिढी आता पस्तिशी-चाळिशीत आहे. एप्रिल २०२५ पासून भारतात डब्ल्यूडब्ल्यूईचे, म्हणजे त्याच अमेरिकन रेसलिंग कंपनीचे, कार्यक्रम नेटफ्लिक्सवर आले आणि यातली बरीच मंडळी पुन्हा बघायला लागली. नोकरी, घर, मुलं सांभाळून हाताशी उरतो तो आठवड्याला एका कार्यक्रमापुरता वेळ. मग कंपनीच्या दोन साप्ताहिक कार्यक्रमांपैकी रॉ बघायचं की स्मॅकडाउन?

माझं उत्तर स्मॅकडाउन आहे. पण एका बाबतीत मी डोळे झाकून रॉ सांगेन, तेही पुढे येईल.

रॉ थोरलं. ११ जानेवारी १९९३ ला न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन सेंटरमधून त्याचा पहिला भाग यूएसए नेटवर्कवर दिसला. तासाभराचा कार्यक्रम, जेमतेम एका सभागृहाची जागा, पहिली मॅच योकोझुना विरुद्ध कोको बी. वेअर. नव्या चालीचं मोल त्याच्या थेटपणात होतं. तोवरचे रेसलिंगचे साप्ताहिक कार्यक्रम बहुतांशी आधी चित्रित करून, मागाहून आवाज चढवून दाखवले जायचे. रॉमध्ये प्रेक्षक हाताच्या अंतरावर होते आणि त्यांचा आरडाओरडा हा कार्यक्रमाचाच भाग झाला.

रॉचा स्वभाव मात्र घडला तो भांडणातून. ४ सप्टेंबर १९९५ ला डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीनं नायट्रो हा कार्यक्रम सोमवारी रात्रीच सुरू केला. १९९६ च्या जूनपासून सलग ८३ आठवडे प्रेक्षकसंख्येत नायट्रो पुढे होता. रॉ मागे पडला तो एवढा की तगायचं तर दर सोमवारी काहीतरी न चुकवण्यासारखं घडवणं भाग होतं. स्टीव्ह ऑस्टिन आणि मालक विन्स मॅकमॅन यांचं वैर, द रॉकची माइकवरची हुकमत, हे सगळं त्या गरजेतून आलं. ४ जानेवारी १९९९ ची रात्र तर प्रत्येक चाहत्याला माहीत असते. मॅनकाइंड हा रेसलर त्या रात्री रॉवर पहिल्यांदा जगज्जेता होणार होता. रॉचे काही भाग तेव्हा आधी चित्रित होत, हाही त्यातलाच होता, म्हणून नायट्रोच्या निवेदकानं तो निकाल आपल्या प्रेक्षकांना सांगून टाकला, खिल्ली उडवून. झालं उलटंच. मोठ्या संख्येनं लोकांनी चॅनल बदललं आणि मॅनकाइंडला जिंकताना पाहिलं. मार्च २००१ मध्ये मॅकमॅननं डब्ल्यूसीडब्ल्यू विकतच घेतली आणि नायट्रो बंद झाला. शत्रू गेला, पण सवय राहिली. आजही रॉ धक्क्यांवर चालतो. मोठं पुनरागमन, अनपेक्षित बेल्ट-बदल (बेल्ट म्हणजे विजेतेपदाचा पट्टा), रिंगच्या मधोमध उभं राहून केलेलं तिखट भाषण, ही त्याची खरी ताकद. २७ जून २०११ ला सीएम पंक लास वेगासमध्ये मंचावर मांडी घालून बसला आणि कंपनीच्याच कारभारावर बोलला. असं काही घडायचं तर रॉवरच.

स्मॅकडाउन धाकटं. एप्रिल १९९९ मध्ये एक नमुना भाग, मग २६ ऑगस्टपासून दर गुरुवारी यूपीएन वाहिनीवर. नाव द रॉकच्या तोंडच्या एका वाक्यातून उचललेलं. सुरुवातीची वर्षं ते रॉच्या गोष्टीचा उरलेला भाग दाखवण्यापुरतंच होतं. त्याला स्वतःचं घर मिळालं २५ मार्च २००२ ला, जेव्हा कंपनीनं रेसलर वाटून दोन वेगळे ताफे केले. रॉसाठी रिक फ्लेअर निवडत होता, स्मॅकडाउनसाठी विन्स मॅकमॅन. मॅकमॅननं पहिला उचलला द रॉक, फ्लेअरनं अंडरटेकर.

यानंतरची दोन-तीन वर्षं हा माझ्या मते या कंपनीनं दूरचित्रवाणीवर केलेल्या कामाचा सर्वांत सुंदर काळ आहे, आणि तो स्मॅकडाउनवर घडला. त्याच्या सुरुवातीला लेखनाची धुरा पॉल हेमनकडे होती. कर्ट अँगल, एडी गुरेरो, चाव्हो गुरेरो, एज, रे मिस्टेरिओ यांच्यासारखे लोक दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं रिंगमध्ये घालवत होते. लाल मातीतली कुस्ती बघून वाढलेला माणूस रेसलिंगकडे पाठ फिरवतो ते निकाल आधी ठरलेले असतात म्हणून. ते खरंच आहे. पण अँगल हा १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधला फ्रीस्टाइलचा सुवर्णपदक विजेता होता, ब्रॉक लेस्नर २००० चा अमेरिकन विद्यापीठ कुस्तीतला हेवीवेट विजेता. सप्टेंबर २००३ मध्ये या दोघांनी स्मॅकडाउनवर पूर्ण ६० मिनिटांची मॅच केली, जिच्यात वेळ संपेपर्यंत जास्त वेळा चीत करणारा जिंकतो. लेस्नर ५-४ नं जिंकला. पकड, ताबा, खाली घेण्याची चपळाई, हे सगळं तालमीत घासून आलेलं होतं. कुस्तीच्या जाणकाराला पटवायचं असेल तर मी आधी हीच मॅच दाखवेन. त्याच वर्षी जूनमध्ये लेस्नरनं बिग शोला वरच्या दोरीवरून आपटलं आणि रिंगच खाली बसली. तो प्रसंग आखलेला असला तरी त्या दोन देहांचं वजन खरं होतं. जॉन सीनाही पहिल्यांदा दिसला तो स्मॅकडाउनवरच, जून २००२ मध्ये, अँगलसमोर. २००५ मध्ये तो रॉवर गेला आणि रॉचा चेहरा झाला.

भारतीय प्रेक्षकासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्याकडच्या रेसलरना स्मॅकडाउननं दिलेली जागा रॉनं कधी दिली नाही. हिमाचलचा दलीप सिंह राणा, म्हणजे द ग्रेट खली, एप्रिल २००६ मध्ये स्मॅकडाउनवर आला आणि थेट अंडरटेकरवर चालून गेला. जुलै २००७ मध्ये एज जखमी झाल्यावर मोकळ्या झालेल्या वर्ल्ड हेवीवेट बेल्टसाठी तिथंच बॅटल रॉयल, म्हणजे अनेकांची एकत्र झुंज, झाली आणि खली जिंकला. त्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या किती शाळांच्या मैदानांवर पोरांनी तो दोन हातांनी डोकं दाबायचा डाव करून पाहिला असेल! पुढे २०१७ मध्ये कॅनडात जन्मलेल्या पंजाबी जिंदर महलनं रँडी ऑर्टनला हरवून डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियनशिप घेतली आणि नोव्हेंबरपर्यंत सांभाळली. तोही स्मॅकडाउनचाच. रॉवर उत्तर प्रदेशचा रिंकू सिंह वीर महान या नावानं आला. महिनोन्‌महिने त्याच्या येण्याची जाहिरात चालली, एप्रिल २०२२ मध्ये तो एकदाचा आला, आणि त्या गाजावाजाला साजेसं काही त्याच्या हाती लागलं नाही. याची मला आजही हळहळ वाटते. त्याच्याकडे ताकद होती, चेहरा होता, लोकांचं कुतूहल होतं.

रॉ धक्क्यांवर चालतो हे बेल्टच्या हिशेबातून स्पष्ट दिसतं. एकट्या २०२५ मध्ये रॉचा वर्ल्ड हेवीवेट बेल्ट गुंथरकडून जे उसोकडे, पुन्हा गुंथरकडे, मग सीएम पंककडे आणि काही मिनिटांतच सेथ रॉलिन्सकडे गेला. उलट रोमन रेन्सनं ऑगस्ट २०२० मध्ये युनिव्हर्सल बेल्ट घेतला आणि तो एप्रिल २०२४ पर्यंत, १,३१६ दिवस, सोडला नाही. त्याच्या घराण्याची ती लांबलचक गोष्ट मुख्यतः स्मॅकडाउनवर उलगडली. भाऊ भावाला कसा नमवतो, जे उसो कसा वाकतो आणि कसा उठतो, सॅमी झेन परका असूनही घरात कसा शिरतो आणि जानेवारी २०२३ मध्ये रेन्सच्याच पाठीत खुर्ची कशी घालतो. आठवड्याला एकदाच बघणाऱ्याला अशी गोष्ट धरून ठेवते. एखादा भाग चुकला तरी धागा हातातून सुटत नाही. रॉचा भाग चुकला तर पुढच्या वेळी बेल्ट भलत्याच्याच कमरेला दिसू शकतो.

ताफे सतत बदलतात, त्यामुळे पुढची नावं २०२५ ची समजावीत. रॉकडे पंक, रॉलिन्स, गुंथर, जे उसो, ब्रॉन ब्रेकर, पेंटा, डॉमिनिक मिस्टेरिओ आणि चॅड गेबल. हा गेबल २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमन कुस्ती लढलेला, त्याच्याकडे कुस्तीप्रेमींनी लक्ष ठेवावं. स्मॅकडाउनकडे कोडी रोड्स, रँडी ऑर्टन, ड्रू मॅकिंटायर, जेकब फाटू, सोलो सिकोआ, कार्मेलो हेज. दुसऱ्या मानाचे बेल्ट असे: रॉकडे इंटरकाँटिनेंटल, स्मॅकडाउनकडे युनायटेड स्टेट्स. नुसत्या नावांवर गेलं तर रॉ जड आहे, हे मान्य करायला हवं.

आणि ज्या बाबतीत मी बिनदिक्कत रॉ सांगेन ती ही: महिलांची कुस्ती. ६ डिसेंबर २००४ ला लिटा आणि ट्रिश स्ट्रॅटस यांची मॅच रॉच्या भागाची शेवटची, म्हणजे मानाची मॅच होती. बायकांच्या लढतींना दोन-तीन मिनिटं मिळायची त्या काळात. २०२५ मध्ये रिया रिप्ली, इयो स्काय, बेकी लिंच, स्टेफनी वाकेर रॉच्या एकाच ताफ्यात होत्या. स्काय आणि रिप्ली समोरासमोर आल्या की त्या रात्रीची बाकीची कुठलीही मॅच फिकी वाटायची. स्मॅकडाउनवर टिफनी स्ट्रॅटन आणि जेड कारगिल होत्या, मेहनती होत्या, पण इतकी खोली तिथं नव्हती. घरात मुलगी सोबत बसून बघणार असेल तर रॉच लावा.

वेळेचंही गणित आहे. रॉ अमेरिकेत सोमवारी रात्री होतं, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी पहाटे साडेपाचला, हिवाळ्यात साडेसहाला. लोकल पकडायची, डबा भरायचा, मुलांना शाळेत सोडायचं, या गडबडीत थेट बघणं जवळपास अशक्य. संध्याकाळी बघू म्हणावं तर फोन उघडताच निकाल समोर येतो, आणि रॉची सगळी गंमत तर अनपेक्षितपणात. स्मॅकडाउन शुक्रवारी रात्रीचं, आपल्याकडे त्याच वेळांना पण शनिवारी सकाळी उजाडतं. ज्यांना शनिवारी सुट्टी असते त्यांना चहा घेत निवांत बघता येतं. गुरुवार, शुक्रवार, पुन्हा गुरुवार, मंगळवार असा फिरत फिरत हा कार्यक्रम ऑक्टोबर २०१९ मध्ये शुक्रवारी परतला, आणि तो वार आपल्याला सोयीचा पडला. रॉ मात्र अपवाद वगळता सोमवार सोडून कधी हललं नाही.

पुन्हा सुरुवात करताना ताज्या भागापासून सुरू करू नका. आधी २००२ ची शेवटची तीन महिन्यांची स्मॅकडाउन शोधा, मग अँगल-लेस्नरची ६० मिनिटं, मग ऑगस्ट २०२० पासूनचा रेन्स. ते झालं की जानेवारी १९९९ चं मॅनकाइंडवालं रॉ एका बैठकीत बघा. त्यानंतरही मंगळवारच्या पहाटेची ओढ वाटली तर तुम्ही रॉचे आहात, आणि मग माझा सल्ला बाजूला ठेवायला हरकत नाही.