पडताळणी चोख, बिल भलत्याच्याच नावावर

डॉक्टरांची कागदपत्रं तपासणाऱ्या प्रमाणित ऑनलाइन सेवेला माझे पाचपैकी साडेतीन तारे. त्यातला अर्धा निव्वळ त्यांच्या स्कॅनिंगच्या सूचनांसाठी. इतक्या सरळ सूचना मी दुसऱ्या कुठल्या पोर्टलवर वाचलेल्या नाहीत. बाकीचा दीड तारा का कापला, ते जरा सविस्तर सांगते.

मी रुग्णालयाच्या क्रेडेन्शियलिंग विभागात काम करते. नवीन डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, कुणीही रुजू होण्याआधी त्याची फाइल माझ्या टेबलावरून जाते. पूर्वी ज्याची त्याची रीत निराळी. कुठे नोटरीचा शिक्का चालायचा, कुठे मूळ पदवी नुसती डोळ्यांखालून घालून झेरॉक्सवर सही ठोकायचे. आता सगळीकडे पीएसव्ही, म्हणजे प्रायमरी सोर्स व्हेरिफिकेशन. उमेदवाराने आणलेला कागद पुरावा धरायचा नाही. तो ज्यांनी दिला त्या विद्यापीठाला नाहीतर नोंदणी करणाऱ्या परिषदेला थेट विचारायचं. उत्तरही थेट सेवेकडे येतं, उमेदवाराचा हात मध्ये लागत नाही.

एवढा खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्यांनी झोलिया आलेमी हिचं प्रकरण वाचावं. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठाची बनावट पदवी दाखवून तिने १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये नोंदणी मिळवली आणि दोन दशकांहून जास्त काळ मानसोपचारतज्ज्ञ म्हणून नोकऱ्या केल्या. राष्ट्रकुलातल्या पदवीधरांना तेव्हा परीक्षेशिवाय आत घ्यायचे. ती वाट २००३ मध्ये बंद झाली. बिंग फुटलं २०१८ मध्ये, आणि मग डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलला त्याच वाटेने आलेल्या सुमारे ३,००० डॉक्टरांच्या नोंदी पुन्हा उघडायला लागल्या. २०२३ मध्ये तिला ७ वर्षांची शिक्षा झाली. विद्यापीठाला एक पत्र गेलं असतं तर हे सगळं टळलं असतं. म्हणजे न तपासण्याचं बिलही लोकच भरतात, आणि ते कितीतरी मोठं असतं. हे मान्य करूनच पुढचं लिहिते.

पोर्टलवर आम्हाला फक्त एक पट्टी दिसते: ‘प्रलंबित’, मग काही आठवड्यांनी ‘पडताळणी पूर्ण’. मधल्या काळात काम कोण करतं? सेवेतलं कुणी नाही. पदवी देणाऱ्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागातला कारकून उठतो, रेकॉर्ड रूममध्ये जातो, जुनं रजिस्टर काढतो. एकदा अशाच एका उत्तरासोबत रजिस्टरच्या पानाचं स्कॅन आलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, नावाखाली पेन्सिलची रेघ, आणि समासात याआधी हेच नाव कधी कधी तपासलं त्याच्या तारखा, एकीखाली एक. अक्षर दर दोन-तीन ओळींनी बदललेलं. कधी एखाद्या देशाच्या परिषदेने विचारलं, कधी विमा कंपनीने, कधी रुग्णालयाने. प्रश्न तोच, उत्तर तेच. ‘एकदाच पडताळणी, सगळीकडे मान्य’ अशी जाहिरात करणाऱ्यांनी तो समास भिंतीवर लावावा.

शुल्क सेवेला मिळतं. तो कारकून सरकारी विद्यापीठाचा असेल तर त्याचा पगार करदाते देतात, आणि सेवेच्या पावतीवर त्या कामाचा मागमूस नसतो. वर उत्तराला उशीर झाला की ठपका विद्यापीठावर.

परवाना ठरावीक काळाने पुन्हा तपासा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. अमेरिकेत एनसीक्यूए या आरोग्यसेवेचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेचं मानक ३ वर्षांचं आहे आणि ते रास्तच, कारण परवाना मधल्या काळात रद्द होऊ शकतो. पण १९९८ ला मिळालेली पदवी नंतर कशी बदलेल? परदेशी वैद्यकीय पदवीधरांना तपासणाऱ्या ईसीएफएमजी या अमेरिकी संस्थेची एपिक सेवा एकदा तपासलेल्या पदवीचा अहवाल वेगवेगळ्या परिषदांना पाठवते. ब्रिटनच्या कौन्सिलने परदेशी पदवीधरांना ती २०१८ मध्ये सक्तीची केली, आलेमी प्रकरण बाहेर येण्याच्या आधीच. म्हणजे जमतं. आमच्या सेवेला मात्र दुसऱ्याचा अहवाल चालत नाही, पुन्हा पहिल्यापासून दळण. तोवर पद रिकामं, लोकम म्हणजे तात्पुरते बदली डॉक्टर जादा दराने, आणि ओपीडीतल्या तारखा पुढे पुढे. हा खर्च कुठल्याच ताळेबंदात ‘पडताळणी’ या नावाने सापडणार नाही.

लग्नाआधीचं नाव पदवीवर आणि नंतरचं पासपोर्टवर असलं की फाइल हमखास परत येते. त्याबद्दल जास्त बोलत नाही, चिडचिड होते.

खरं घोडं पेंड खातं ते वेगळ्याच ठिकाणी. लढाईत विद्यापीठाची इमारतच गेली, रजिस्टरं जळाली, तर ‘थेट विचारायचं’ कुणाला? आमच्याकडे अशा एका सर्जनची फाइल ‘उत्तर नाही’ म्हणून बंद केली गेली. लेखी परीक्षा, देखरेखीखाली काही महिने काम, जुन्या सहकाऱ्यांची शपथपत्रं, असा पर्याय फॉर्ममध्ये नव्हताच. सेवेच्या मदतकक्षाने नम्रपणे कळवलं की नवीन अर्ज शुल्कासह करता येईल.

आणि हिरवी खूण दिसली म्हणून निश्चिंत राहू नका. टेक्सासमधल्या ख्रिस्तोफर डंच या न्यूरोसर्जनची पदवी खरी, परवानाही खरा. रुग्णांना कायमचं जायबंदी करून तो पहिल्या रुग्णालयातून बाहेर पडला, तेव्हा नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेकडे, म्हणजे डॉक्टरांवरच्या कारवाईची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या सरकारी यंत्रणेकडे, त्याची खबर गेली नाही आणि पुढच्या रुग्णालयाने त्याला घेतलं. २०१७ मध्ये त्याला जन्मठेप झाली. ही डेटा बँक १९९० पासून चालू आहे, पण ३० दिवसांपर्यंतचं निलंबन तिथे कळवणं रुग्णालयावर बंधनकारक नाही, आणि सामान्य रुग्णाला तिच्यात एखाद्या डॉक्टरचं नाव शोधता येत नाही. पीएसव्ही कागद तपासतं, हात नाही. आमची सेवा तर आधीच्या रुग्णालयाला फक्त रुजू आणि सोडल्याची तारीख विचारते. ‘का सोडलं’ हा रकानाच नाही.

दुसऱ्या मान्य संस्थेचा अहवाल स्वीकारला आणि शुल्कातला वाटा विद्यापीठाच्या रेकॉर्ड रूमला दिला, तर चार तारे लगेच देईन. रकाना वाढवला तर साडेचार.

अर्ज करणाऱ्यांसाठी: सेवेच्या यादीतला विद्यापीठाचा ईमेल बरेचदा बंद पडलेला असतो. परीक्षा विभागाला आधी फोन करून चालू पत्ता घ्या आणि अर्जातल्या शेऱ्याच्या चौकटीत टाका. ती चौकट पोर्टलवर खूप खाली आहे, पण तिथलं वाचतात.