लिनक्सवर यूएसबी वाय-फाय अ‍ॅडॅप्टर: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर वाय-फाय नाही आणि राउटर दुसऱ्या खोलीत आहे, त्यामुळे यूएसबी अ‍ॅडॅप्टरशिवाय गत्यंतर नाही. मशीनवर फेडोरा लिनक्स आहे. गेले कित्येक महिने मीडियाटेकच्या एमटी७६१२यू चिपचा अ‍ॅडॅप्टर लावलेला आहे. त्याआधी दुसरा एक होता. त्याचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नव्हता. त्याचा सोर्स कोड बाहेरून आणून कंपाइल करावा लागायचा, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम बनवावा लागायचा. पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच छान चालले. फरक कळायला कर्नलची काही अपडेट्स जावी लागली, आणि मला जे सांगायचंय ते त्या फरकाबद्दलच.

सुरुवात चिपपासून करावी लागते. खोक्यावरचं मॉडेलचं नाव इथे फारसं कामाचं नसतं, कारण त्याच नावाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आवृत्तीत आतली चिप बदललेली असू शकते, आणि ड्रायव्हर ठरतो तो चिपवरून. अ‍ॅडॅप्टर लावून टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ चालवा. कोलनने जोडलेले चार-चार अक्षरांचे दोन आकडे दिसतात. पहिला कंपनीचा, दुसरा उपकरणाचा. माझ्या अ‍ॅडॅप्टरचा ०ई८डी:७६१२ असा आहे. हा जोड-आकडा घेऊन शोधलं की नेमका कुठला ड्रायव्हर लागतो ते कळतं. मॉडेलच्या नावाने शोधलं तर चुकीच्या सूचनांच्या मागे संध्याकाळ जाते.

इथेच एक गंमतशीर प्रकार भेटू शकतो. काही अ‍ॅडॅप्टर लावल्या लावल्या स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून ओळख देतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच साठवलेला असतो. रिअलटेकच्या बऱ्याच चिपांवर तेव्हा ०बीडीए:१ए२बी हा आकडा दिसतो. तो दिसला तर ड्रायव्हर शोधत बसू नका. आधी ‘यूएसबी-मोडस्विच’ या प्रोग्रामने उपकरणाला सीडीच्या रूपातून बाहेर काढायचं, मग खरा आकडा समोर येतो.

आता जुन्या अ‍ॅडॅप्टरबद्दल. त्याच्या खोक्यावर ‘लिनक्स सपोर्ट’ असं स्पष्ट छापलेलं होतं. प्रत्यक्षात कंपनीने एका जुन्या कर्नलसाठी सोर्स कोड देऊन टाकला होता, आणि पुढच्या कर्नलांवर तो चालता ठेवण्याचं काम कुणी स्वयंसेवक आपल्या वेळात करत होते. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. बसवताना कंपायलर व मेक ही साधनं, आणि चालू कर्नलशी तंतोतंत जुळणारे हेडर (कर्नलच्या आतल्या रचना सांगणाऱ्या फाइली) लागतात. फेडोरात ते ‘कर्नल-डेव्हेल’ नावाने मिळतात, डेबियन-उबुंटूत ‘लिनक्स-हेडर्स’ नावाने. हे सगळं इंटरनेटवरून घ्यायचं, आणि इंटरनेटसाठी तर ड्रायव्हर हवा! यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करणं. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून असतो, वेगळं काही बसवावं लागत नाही.

सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलाच कोड सुरू होऊ देणारी मशीनची सोय, चालू असेल तर आणखी एक पायरी वाढते. सही नसलेलं मॉड्यूल (कर्नलमध्ये जोडला जाणारा भाग, इथे ड्रायव्हर) कर्नल आत घेत नाही. डीकेएमएस हे बाहेरचे ड्रायव्हर कंपाइल करून देणारं साधन स्वतःची किल्ली बनवून मॉड्यूलवर सही करतं, पण ती किल्ली मशीनने मान्य करायला हवी. ‘मोकयूटिल’ या प्रोग्रामने ती नोंदवायची, तात्पुरता पासवर्ड द्यायचा, रीस्टार्ट करायचं आणि निळ्या पडद्यावर ‘एनरोल’चा पर्याय निवडून तोच पासवर्ड टाकायचा. तो पडदा थोडाच वेळ थांबतो, म्हणून रीस्टार्ट करताना जागेवरून उठू नका. बरेच जण इथे वैतागून सिक्युअर बूटच बंद करून टाकतात. मला ते पटत नाही. किल्ली एकदाच नोंदवायची असते.

एवढं झाल्यावर जोडणी उत्तम चालली आणि काही आठवडे मला अ‍ॅडॅप्टर आठवलाही नाही. मग कर्नलचं मोठं अपडेट आलं. डीकेएमएसचं काम हेच, की नवा कर्नल आला की ड्रायव्हर आपोआप पुन्हा कंपाइल करायचा. डेलमधल्या इंजिनिअरांनी ते याच गरजेतून बनवलं. पण सोर्स कोडच नव्या कर्नलशी जुळत नसेल तर डीकेएमएस काय करणार? बिल्ड अर्ध्यावर थांबला, आणि रीस्टार्टनंतर वाय-फाय गायब. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून आधीचा कर्नल निवडला की जोडणी परत यायची, म्हणून काम अडलं नाही. मात्र सुरक्षेच्या दुरुस्त्या असलेला नवा कर्नल बाजूला ठेवून जुन्यावर दिवस काढायचे, हे मनाला लागून राहायचं. स्वयंसेवकांनी दुरुस्ती आणली की पुन्हा सगळं सुरळीत, पुढच्या मोठ्या अपडेटपर्यंत.

यात दोष त्या स्वयंसेवकांचा नाही. लिनक्स कर्नलच्या आतल्या फंक्शनांची नावं आणि रचना कायम राहतील असं कुणी वचन दिलेलंच नाही. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि आतलं काहीतरी बदलतं. उदाहरणार्थ २०२५ च्या ६.१५ मध्ये ‘डेल_टायमर_सिंक’ हे जुनं फंक्शन काढून टाकलं आणि त्याच्या जागी ‘टायमर_डिलीट_सिंक’ वापरणं भाग पडलं. कर्नलच्या आत असलेल्या प्रत्येक ड्रायव्हरमध्ये हा बदल करणाऱ्यांनीच करून दिला. बाहेरच्या ड्रायव्हरांना मात्र ज्याचं त्याने बघावं लागलं. ड्रायव्हर कर्नलमध्ये असणं म्हणजे काय, हे मला यातून नीट उमगलं. तो नुसता आयता मिळतो एवढंच नाही, त्याची देखभालही बाकीच्या कर्नलबरोबर होत राहते.

म्हणून एमटी७६१२यू घेतला. त्याचा ‘एमटी७६एक्स२यू’ हा ड्रायव्हर २०१८ च्या ४.१९ पासून कर्नलमध्ये आहे आणि लागणारं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) लिनक्स-फर्मवेअर पॅकेजमध्ये येतं. पोर्टला लावला, कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये चार ओळी उमटल्या, नेटवर्कची यादी दिसली. बसवण्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही. तेव्हापासून फेडोराची आवृत्ती बदलली, कर्नल तर कितीदा बदलले, पण वाय-फायसाठी मला एकदाही टर्मिनल उघडावं लागलेलं नाही.

वेगाबद्दल अपेक्षा नीट ठेवा. ५ गिगाहर्ट्झवर लिंक ८६७ मेगाबिटची दिसते, पण तो हवेतला कमाल दर आहे. फाइल कॉपी करताना त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळालं तरी जोडणी चांगली समजावी. ‘एलएसयूएसबी -टी’ चालवून अ‍ॅडॅप्टरसमोर ५०००एम आहे की ४८०एम तेही पाहा. ४८० असेल तर तो यूएसबी २ च्या वेगाने जोडला गेलाय, पोर्ट बदलून बघा.

उलट २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क वापरत असाल तर यूएसबी ३ चं पोर्टच आड येऊ शकतं. यूएसबी ३ च्या तारांमधून आणि कनेक्टरमधून निघणारा रेडिओ गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात पडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर कागद प्रसिद्ध केला होता. हार्ड डिस्कवर कॉपी सुरू झाली की वाय-फाय मरगळतं, तेव्हा संशय इथे घ्यावा. अ‍ॅडॅप्टर छोट्या एक्स्टेंशन केबलवर, डिस्कपासून लांब ठेवला की पुष्कळ फरक पडतो. माझा तसाच ठेवलाय, उंचावर असल्याने सिग्नलही सुधारला.

वीज-बचतीची सेटिंगही एकदा तपासावी. एसएसएचवर (दुसऱ्या मशीनवर टर्मिनलमधून काम करताना) अक्षरं अडखळत उमटत असतील तर जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फिगमध्ये ‘वायफाय.पॉवरसेव्ह’ची किंमत २ करा, म्हणजे ती बंद होते. डेस्कटॉपवर तिचा तसा उपयोगही नाही. आणि रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डांवर एमटी७६ मालिका अधूनमधून अडली, तर ‘एमटी७६_यूएसबी’ मॉड्यूलला ‘डिसेबल_यूएसबी_एसजी=१’ हा पर्याय देऊन पाहण्यासारखा आहे.

ज्यांच्याकडे रिअलटेकचा अ‍ॅडॅप्टर आधीच आहे त्यांनी तो टाकून देण्याची घाई करू नये. कर्नलमधल्या ‘आरटीडब्ल्यू८८’ ड्रायव्हरमध्ये ६.२ पासून यूएसबी चिपा येऊ लागल्या, आणि ६.१३ मध्ये ८८१२एयू व ८८२१एयू या जुन्या, घरोघरी असलेल्या चिपाही आल्या. कर्नल त्याहून नवा असेल तर बाहेरचा डीकेएमएस ड्रायव्हर काढून टाका. ‘मोडप्रोब.डी’ या फोल्डरमधली त्याची ब्लॅकलिस्टची (कुठले ड्रायव्हर सुरू करायचे नाहीत त्या यादीची) फाइलही काढा, नाहीतर तीच कर्नलमधल्या ड्रायव्हरला अडवून धरते. डेबियनवाल्यांना आणखी एक सोय झालीय. १२ व्या आवृत्तीपासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर असतं.

वाय-फाय ६ हवं असेल तर एमटी७९२१एयू चिपचा अ‍ॅडॅप्टर बघा. त्याचा ड्रायव्हर ५.१८ पासून कर्नलमध्ये आहे. मी राउटर बदलेन तेव्हा तोच घेणार आहे.