जर्नलसाठी ओजेएस, जेनवे की एडिटोरियल मॅनेजर?

संशोधनाच्या जर्नलसाठी पेपर ईमेलवर मागवायचे आणि कोणता कुणाकडे रिव्ह्यूला, म्हणजे त्या विषयातल्या जाणकाराकडे तपासायला गेलाय ते एक्सेलमध्ये लिहून ठेवायचं, हे एका एडिटरपुरतं चालतं. दुसरा आला की एकाच पेपरच्या चार फायनल फायली होतात आणि मग सगळे हे काम सांभाळणारी सिस्टिम, म्हणजे सॉफ्टवेअर शोधायला लागतात. फीचर्स नंतर बघा, आधी ठरवा की दोन वर्षांनी सर्व्हर कोण सांभाळणार.

ओजेएस, म्हणजे ओपन जर्नल सिस्टिम्स, पब्लिक नॉलेज प्रोजेक्टचं आहे, फुकट आणि ओपन सोर्स. सबमिशन, रिव्ह्यू, कॉपीएडिटिंग, प्रॉडक्शन असे चार टप्पे, शिवाय जर्नलची वेबसाइट आणि जुने अंकही त्यातच, ही मला सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटते. एडिटोरियल मॅनेजर आणि त्याच्याच जातीचं स्कॉलरवन यांचं मुख्य काम पेपर घेणं आणि रिव्ह्यू करून घेणं, अंक ऑनलाइन कुठे टाकायचा ते वेगळं बघावं लागतं.

ओजेएस पीएचपी आणि मायएसक्यूएलच्या साध्या होस्टिंगवर चढतं, पण चढवणं सोपं आणि सांभाळणं अवघड. अपलोड झालेल्या फायलींचं फोल्डर वेबसाइटच्या फोल्डरबाहेरच ठेवा, नाहीतर रिव्ह्यूतला पेपर थेट लिंकने कुणीही उघडू शकतं. आणि मेलकडे लक्ष द्या. आमच्याकडे सुरुवातीला रिव्ह्यूअर उत्तरच देईनात, तीन आठवड्यांनी एकाला फोन केला तर आमची विनंती त्याच्या स्पॅममध्ये पडलेली, मेल खरंच आमच्याकडूनच आलाय हे पटवणारी एसपीएफ आणि डीकेआयएम ही सेटिंग्ज आम्ही डोमेनला लावलीच नव्हती, आणि तिकडे लेखक रोज वाट बघत बसलेला, त्याचं फार वाईट वाटलं.

जेनवे लंडनच्या बर्कबेकमध्ये तयार झालं, तेही ओपन सोर्स, पण पायथन भाषेवर आणि तिच्या जँगो फ्रेमवर्कवर. टीममध्ये पायथनवाला असेल तर जरूर बघा. वापरणारे ओजेएसपेक्षा कमी आहेत, त्यामुळे अडलात तर तयार उत्तर मिळेलच असं नाही.

एडिटोरियल मॅनेजर एरीज सिस्टिम्सचं, ही कंपनी २०१८ मध्ये एल्सेव्हियर या मोठ्या प्रकाशकाने घेतली. स्कॉलरवन २०२४ मध्ये क्लॅरिव्हेटकडून सिल्व्हरचेअरकडे गेलं. वीसेक एडिटर आणि ढिगाने पेपर असतील तर ही दोन्ही दमदार आहेत, पण एडिटोरियल मॅनेजर घेऊन छोट्या स्वतंत्र जर्नलने आपला सगळा कारभार एका मोठ्या प्रकाशकाच्या कंपनीकडे द्यावा का, याचा नीट विचार करा.

नाव झाकून रिव्ह्यू करत असाल तर सिस्टिमच्या भरवशावर राहू नका, कोणतीही असो. वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखकाचं नाव राहून जातं, रिव्ह्यूअरला पाठवायच्या आधी ते एकदा स्वतः उघडून बघाच.

छोटं जर्नल आणि टेक्निकल माणूस नाही, तर मी ओजेएसच घेईन, पण स्वतः सर्व्हर न चालवता पैसे देऊन होस्टिंग घेईन, पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट स्वतःही ते देतं. दुसऱ्या कुणाकडून घेत असाल तर सही करायच्या आधी विचारा की सोडून जाताना डेटाबेस आणि फायली दोन्हींची पूर्ण कॉपी मिळेल का, नुसत्या डेटाबेसमध्ये पेपरच्या फायली नसतात.