गुहागरचं जुनं कौलारू घर : चारही मोसम राहून झाल्यावर

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत, नारळी-पोफळीच्या आगराला लागून असलेलं हे घर मालकांनी दुरुस्त करून पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौलं, ओटी, पडवी, माजघर, दोन खोल्या, मागच्या दारी विहीर. पावसाळ्यापासून मेपर्यंत राहून झाल्यावर आमचं मत असं की इथला आराम समुद्रावर किंवा झोपाळ्यावर ठरत नाही, घराची डागडुजी कशी झाली आहे त्यावर ठरतो. जुन्या रीतीने केलेली कामं टिकली आहेत. सिमेंट लागलं तिथे कटकट आहे.

छपरापासून सुरुवात करतो, कारण मालकांनी सगळ्यात शहाणपणा तिथेच दाखवला आहे. या जातीच्या कौलांचा कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला, आणि नळीची कौलं किंवा गवत असलेली किनाऱ्यावरची छपरं हळूहळू बदलत गेली. एक कौल साधारण अडीच किलोचं, चौरस मीटरला पंधराएक लागतात, आणि भिजलं की वजन आणखी वाढतं. इथे जुने किंजळीच्या लाकडाचे वासे शाबूत होते ते ठेवून फक्त रिपा, म्हणजे कौलं अडकवायच्या आडव्या पट्ट्या, बदलल्या आहेत, आणि उतार मोडलेला नाही. हे महत्त्वाचं, कारण उतार कमी केला की वाऱ्याबरोबर पाणी कौलाच्या खाचेतून उलटं चढतं. लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावलंय. पहिले काही आठवडे उग्र वास येतो आणि हाताला लागलं तर कातडी सोलते, पण वाळवी फिरकत नाही.

तरीही गळतं. कौलारू घर अजिबात गळत नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. गळण्याचं कारण बहुतेक वेळा फुटकं कौल नसतंच. वानरं उड्या मारतात, कौल दोन बोटं सरकतं आणि रिपेवरचा खिळा सुटतो. मे अखेरीला कौलं परतून घेतात, फटींतला पाला आणि शेवाळ काढतात, पण जुलैत वानरांची एक फेरी झाली की पुन्हा थेंब सुरू. माळ्यावर पाच-सात जादा कौलं ठेवलेली असतात आणि वाडीतला गडी शिडी घेऊन येतो. पाऊस उघडल्याशिवाय त्याला वर चढवू नका. शेवाळलेल्या कौलावर पाय ठरत नाही. खरी अडचण आढ्यावर, म्हणजे छपराच्या माथ्यावर, आहे. तिथली कौलं सिमेंटमध्ये बसवली आहेत आणि उन्हा-पावसाने त्या सिमेंटला दरवर्षी तडे जातात.

खोली निवडताना एवढं बघा: डाव्या खोलीला तक्तपोशी, म्हणजे कौलांखाली लाकडी फळ्यांचं छत, आहे, उजवीला नाही. उजवीतून वासे दिसतात, फोटो सुरेख येतात, आणि जोराच्या झडीत कौलांच्या फटींतून बारीक तुषार मच्छरदाणीवर पडत राहतात. मेमध्ये तर दुपारी दोन ते पाच तिथे बसवत नाही, तापलेली कौलं सरळ डोक्यावर येतात. डाव्या खोलीत माळ्यातली हवा मध्ये असल्याने फरक स्पष्ट जाणवतो. उजेड कमी आहे, पण एक काचेचं कौल आहे त्यावर भागतं.

भिंती. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या भागात जांभा ओल पितोच. प्रश्न ती बाहेर कुठून पडते एवढाच. माजघरात चुन्याचा गिलावा आहे, तिथे ओलेचा डाग दसऱ्यानंतर आपोआप सुकला. मागच्या भिंतीला खालून मीटरभर सिमेंटचा गिलावा केलाय, बहुधा ओल अडवायला. झालं उलटं: कोंडलेली ओल सिमेंटच्या वर चढली, क्षार फुटले आणि वरचा चुना पापुद्रे धरून गळतोय. त्या भिंतीला कपाट किंवा पलंग टेकवू नका, कपड्यांना बुरशी येते. चुन्याच्या भिंतीला पाठ टेकली तर सदरा पांढरा होतो, हेही माहीत असू द्या. कापसाच्या गाद्या सप्टेंबरपर्यंत दमट लागतात. मालकांना सांगून काथ्याच्या मागवा.

ओटी आणि पडवी शेणाने सारवलेली आहेत. पायाला इतका थंडावा लादीवर मिळत नाही. पण चाकाची बॅग ओढलीत तर चरे पडतात, खुर्चीचे पाय रुततात, आणि भर पावसात सारवण वाळत नसल्याने तेव्हा नुसत्या चटया असतात.

न्हाणीघर आणि संडास मागे नव्याने बांधले आहेत, स्लॅबचे. जुनी भिंत आणि नवा स्लॅब एकसारखे हलत नाहीत, त्यामुळे सांध्यावर फट पडते आणि श्रावणात तिथून धार लागते. वर डांबर फासून पाहिलंय, एक पावसाळा टिकतं. भिंतीत खाच मारून पत्रा वळवून बसवणं हाच उपाय. शोषखड्डा विहिरीपासून किती लांब आहे हे कुठल्याही अशा घरात विचारावंच. किमान पंधरा मीटर हवा, आणि जांभ्यातून पाणी भराभर झिरपतं म्हणून जास्त असला तर बरंच. इथे तो आगराच्या पलीकडे, उताराच्या खाली आहे. तरी पहिल्या पावसानंतर विहीर गढूळ होते, पिण्याचं पाणी उकळूनच घ्या. अंघोळीला तांब्याचा बंब. गीझरही आहे, पण वीज असेल तर.

वीज म्हणजे पावसाळ्यात भरवशाची गोष्ट नाही, झावळी तारेवर पडली की अर्धा दिवस गेला. इन्व्हर्टरला दीडशे अँपिअर-तासाची एक बॅटरी आहे. तीन साधे पंखे आणि चार दिव्यांवर चार-पाच तासांत संपते. मालकांनी कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे लावले तर तीच बॅटरी रात्रभर पुरेल. पावसात मुख्य स्विच सारखा पडत असेल तर आधी अंगणातला दिवा बंद करून बघा, त्याच्या खोक्यात पाणी शिरतं. उन्हाळ्यात जांभा कोरडा पडला की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओततात. ते काम विसरलं जात नाही ना, एवढं विचारून घ्या.

प्राण्यांबद्दल थोडक्यात. माळ्यावर रात्री धावतं ते उदमांजर, घाबरायचं कारण नाही. फुरशांना, म्हणजे त्या छोट्या विषारी सापांना, मात्र घाबरावं. रत्नागिरी जिल्ह्यात जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, आणि गडग्यांत, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणांत, ती भरपूर. अंधारात अनवाणी पाऊल टाकू नका, चपला झटकून घाला, गडग्याच्या फटीत हात घालू नका. चावलंच तर बांधणं-कापणं न करता १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना.

जेवण उत्तम, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. घावन आणि कुळथाचं पिठलं आदल्या दिवशी सांगून ठेवा. मासे बोटींवर अवलंबून, म्हणजे जून-जुलैत बंदीच्या काळात सुकटीवर समाधान.

मोसम विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊसच बघायचा असेल तर ऑगस्टचा शेवट, तेव्हा जोर ओसरलेला असतो. मेमध्ये आंबा आहे, पण उकाडा आणि तळाला गेलेली विहीर दोन्ही आहेत.

चिपळूण स्टेशनपासून गुहागर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात, तेव्हा शेवटच्या एसटीच्या भरवशावर राहू नका. दापोलीकडून येणाऱ्यांना दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी चढवता येते. गाडी घरापर्यंत जात नाही, खाली सोडून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढावी लागते, आणि ओल्या पाखाडीवर कठडा नाही. गुडघ्यांचा त्रास असलेली माणसं बरोबर असतील तर पावसाळ्यात हे घर घेऊ नका. हिवाळ्यात घ्या आणि सामान वर न्यायला माणूस आधीच सांगून ठेवा.